इटली-फ्रान्सच्या बातम्यांतला 'डेप्युटी' : मराठीत काय लिहायचं?

शब्दवेडी
मी युरोपातल्या बातम्या मराठीत करते आणि दर वेळी एकाच शब्दाला अडते. इंग्रजी मजकुरात 'इटालियन डेप्युटी', 'फ्रेंच डेप्युटी' असं येतं आणि आपल्याकडे बरेच जण सरळ 'उपमंत्री' नाहीतर 'उपप्रतिनिधी' लिहून मोकळे होतात, परवा तर एका ठिकाणी फ्रान्सच्या निवडून आलेल्या बाईंना 'उपसभापती' केलेलं वाचलं. आपल्या कानाला डेप्युटी म्हणजे डेप्युटी कलेक्टर, डेप्युटी स्पीकर, कुणाच्या तरी हाताखालचा माणूस. पण या लोकांना मतदारसंघ असतो, ते निवडणूक लढवून येतात. मग हा शब्द आला कुठून आणि मराठीत नेमकं काय लिहू?

जुना_वाचक
मुळात लॅटिन 'देपुतारे'. त्यातलं 'पुतारे' म्हणजे आधी झाडाची छाटणी करणं, मग हिशेब करणं, विचार करणं (कॉम्प्युटर आणि अँप्युटेशन दोन्ही तिथूनच आलेत). उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'देपुतारे'चा अर्थ झाला एखाद्याला कामासाठी नेमून देणं. म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलंय तो, एवढंच, 'दुय्यम' असं त्यात काहीच नाही. सरकारी नोकरीतला माणूस डेप्युटेशनवर जातो ना, त्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे.
तिथून फ्रेंचमध्ये देप्युते, स्पॅनिशमध्ये दिपुतादो, इटालियनमध्ये देपुतातो, पोर्तुगीजमध्ये देपुतादु, रोमानियनमध्ये देपुतात. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत असे ५७७ आहेत, स्पेनच्या कनिष्ठ सभागृहाचं तर नावच 'काँग्रेसो दे लोस दिपुतादोस', ३५० जणांचं. इटलीत आधी ६३० होते, २०२० च्या सार्वमतानंतर संख्या कमी केली आणि २०२२ पासून ४०० आहेत. आणि बघा, 'उप' म्हणायचं असलं की हे लोक हा शब्द वापरतच नाहीत, फ्रेंचमध्ये उपमहापौर म्हणजे 'अद्ज्वां', इटालियनमध्ये 'व्हिचे' लावतात. खुद्द इंग्रजीतही आयर्लंडच्या संसदेत सदस्याला डेप्युटी अमुक अमुक अशीच हाक मारतात. त्यामुळे बिनधास्त 'खासदार' लिहा.

फोंडेकर
गोव्याच्या माणसाला हा शब्द परका नाही हो. पोर्तुगालात १८२० ला क्रांती झाली आणि १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी तीन देपुतादु निवडले गेले, त्यात बेर्नार्दु पेरीस द सिल्वा आणि कोंस्तांसियु रोक द कोश्ता हे दोघे इथलेच. पुढे नावेलीचे फ्रांसिश्कु लुईश गोमिश, जन्म १८२९ चा, शिक्षणाने डॉक्टर, १८६० मध्ये निवडून आले आणि थेट लिस्बनच्या सभागृहात बसून बोलले. मताचा अधिकार तेव्हा सगळ्यांना नव्हता हे खरं, पण ही माणसं गोव्याच्या नावाने तिथे बसली होती, कुणाचे मदतनीस म्हणून नव्हे. त्यांच्याबद्दल लिहिताना कुणी 'उप' लावलं की मला फार लागतं. मराठी लेखांत तरी हे नीट यायला पाहिजे.

शब्दवेडी
खूप खूप आभार दोघांचे, गोव्याचं हे माहीतच नव्हतं! पण मग प्रत्येक ठिकाणी खासदारच का? रशियन बातम्यांत गावोगावचे 'देपुतात' दिसतात.

पूर्वेची_वाट
नाही, तिथे जपून. रशियन आणि युक्रेनियनमध्ये हा शब्द खालपर्यंत जातो. रशियाच्या दूमामधले, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले, ४५० जण देपुतात, प्रदेशाच्या विधानसभेतला देपुतात आणि शहराच्या कौन्सिलमधलाही देपुतातच. म्हणून आधी सभागृह कुठलं ते बघायचं आणि मग खासदार, आमदार की नगरसेवक ते ठरवायचं, आणि कळलंच नाही तर सरळ 'लोकप्रतिनिधी' लिहायचं, ते कुठेही चुकत नाही. स्पेनमध्येही प्रांताच्या पातळीवर दिपुतादो असतात, तिथे खासदार लिहिलं की घोळ. लॅटव्हियन आणि अल्बेनियनमध्येही हाच शब्द आहे, पण पोलिश, झेक, जर्मन लोकांनी आपापले शब्द ठेवलेत, पोलंडचा खासदार म्हणजे 'पोसेल', त्याचा मूळ अर्थ पाठवलेला माणूस, दूत.

जुना_वाचक
हे बरोबर आहे, माझ्या 'बिनधास्त'ला ही जोड हवीच. लोकप्रतिनिधी शब्द मलाही आवडतो. आपल्याकडे 'प्रतिनिधी' हे आधी राजाचं पद होतं, राजाराम महाराज जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना ते दिलं, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार बघणारा. आता तोच शब्द लोकांच्या वतीने बोलणाऱ्याला लावतो. देपुतारेचं पण तसंच झालं, नेमणारा बदलला.
आणि एक, 'युरोदिपुतादो', 'युरोदेप्युते' असं आलं तर तो युरोपियन संसदेचा सदस्य. तिथे देशाचं नाव लावून नुसतं 'फ्रान्सचे खासदार' लिहू नका, वाचणाऱ्याला पॅरिसमधले वाटतील, 'युरोपियन संसदेतले फ्रान्सचे खासदार' असं पूर्ण लिहा.