अँजिओप्लास्टीच्या वेळी हृदयात तात्पुरता पंप (इम्पेला) बसवण्याचा सल्ला : निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न : दांडिया बाजार, वडोदरा

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू ६८ वर्षांचे असून बरीच वर्षे मधुमेही आहेत. दिवाळीनंतर सूरसागरला एक फेरी मारतानाही त्यांना धाप लागू लागली, म्हणून येथील एका खासगी रुग्णालयात तपासण्या करून घेतल्या. इकोमध्ये ईएफ (प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातील किती रक्त बाहेर ढकलले जाते ते प्रमाण) २५ टक्के आली आणि अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे दिसले. छातीत दुखत नाही, रक्तदाब ठीक आहे, औषधे नुकतीच सुरू झाली आहेत आणि सध्या ते घरीच आहेत.

डॉक्टरांचे म्हणणे असे की, इतक्या अशक्त हृदयावर अँजिओप्लास्टी करताना आधार म्हणून जांघेतून इम्पेला नावाचा पंप घालावा आणि काम झाल्यावर तो काढून टाकावा. पंपाचा खर्च वेगळा असून तो अनेक लाखांत जातो. या पंपामुळे मृत्यूचे प्रमाण घटल्याचे २०२४ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसले, असे मी वाचले आहे. तसे असेल तर पैशांची व्यवस्था आम्ही कशीही करू. परंतु वहिनी घाबरल्या आहेत आणि त्यांना नीट समजावून सांगता येईल इतके ज्ञान माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त परफ्युजनिस्ट (हृदय शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ), अलकापुरी

वहिनींना समजावून सांगायचे असेल तर पंपाची रचना आधी समजून घ्यावी. जांघेतील धमनीतून एक नळी वर महाधमनीत नेतात आणि तेथून झडप ओलांडून तिचे टोक डाव्या खालच्या कप्प्यात उतरवतात. टोकाशी असलेल्या छिद्रांतून रक्त आत ओढले जाते, लहानशा मोटरवरचे पाते ते पुढे ढकलते आणि झडपेच्या पलीकडे महाधमनीत ते बाहेर पडते. सीपी नावाच्या प्रकारात हे पाते मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरते, पंपाची जाडी १४ फ्रेंच म्हणजे साधारण पावणेपाच मिलिमीटर असते आणि मिनिटाला साडेतीन लिटरच्या वर रक्त पुढे जाऊ शकते. विश्रांतीच्या अवस्थेतील निरोगी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, हे लक्षात घेतले म्हणजे या आधाराचे मोल कळते. शिवाय कप्पा रिकामा होत राहिल्याने त्याच्या भिंतीवरचा ताण आणि हृदयाची प्राणवायूची गरज या दोन्ही गोष्टी कमी होतात.

आमच्या काळी बलून पंपच असे. तो स्वतः रक्त ओढत नाही. हृदयाच्या ठोक्यांशी ताल धरून महाधमनीत फुगतो आणि मिटतो, त्यामुळे हृदयात थोडीतरी शक्ती आणि ठोक्यांत नियमितपणा उरलेला असावा लागतो. इम्पेलाला ठोक्यांच्या तालाची गरज नसते. अर्थात विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडीच चालते, तसे हृदयाची उजवी बाजूही निकामी झाली असेल आणि डाव्या कप्प्यात रक्तच पोहोचत नसेल, तर हा पंपही काही करू शकत नाही.

ही कल्पना नवी नाही. रिचर्ड वॅम्पलर यांनी इजिप्तमध्ये पाणी उपसण्याचा स्क्रू पाहिला आणि त्यावरून हीमोपंप तयार केला. १९८८ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो प्रथम रुग्णाला बसवण्यात आला. त्याची मोटर शरीराबाहेर होती आणि लांब तार फिरवून पाते चालवावे लागे. पुढे जर्मनीतील आखेन येथे मोटरच इतकी लहान करण्यात आली की ती नळीच्या टोकाशी बसली. या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या कामाबद्दल आजही आदर वाटतो.

उत्तर : एम. डी. (मेडिसिन), रावपुरा

वरील माहिती अचूक आहे. तथापि प्रश्नकर्त्यांनी ज्या अभ्यासाचा आधार घेतला आहे, तो आपल्या बंधूंच्या स्थितीला लागू होत नाही आणि निर्णयाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

२०२४ चा तो अभ्यास म्हणजे डेंजर-शॉक. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षे रुग्ण निवडून तो पूर्ण झाला. त्यातील ३५५ रुग्णांना मोठा हार्ट अटॅक येऊन त्यामुळे शॉक बसला होता, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त पुरेनासे झाले होते. हृदय थांबल्यानंतर बेशुद्धच राहिलेल्यांना त्यातून वगळले होते. १८० दिवसांत पंप बसवलेल्यांपैकी ४५.८ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ५८.५ टक्के रुग्ण दगावले. शॉकच्या उपचारांत इतका फरक क्वचितच दिसतो. बलून पंपाचा ६०० रुग्णांवरील २०१२ चा अभ्यास आणि एक्मोचा (शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत देणाऱ्या यंत्राचा) २०२३ चा अभ्यास, दोन्हींत मृत्यूचे प्रमाण घटले नव्हते. परंतु त्याच डेंजर-शॉकमध्ये पंपाच्या गटात रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे आणि डायलिसिसची गरज हे सारे अधिक आढळले. मरणाच्या दारातील रुग्णासाठी हा धोका पत्करणे योग्य ठरते. घरी बसून चहा घेणाऱ्या रुग्णासाठी तोच हिशेब मांडता येत नाही.

आपल्या बंधूंना शॉक नाही. त्यांच्या बाबतीत पंप हा नियोजित अँजिओप्लास्टीच्या वेळचा खबरदारीचा आधार आहे. अशा रुग्णांमध्ये या पंपाच्या २.५ लिटरच्या जुन्या प्रकाराची बलून पंपाशी तुलना करणारा प्रोटेक्ट-२ हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा सिद्ध होण्याची शक्यता दिसत नसल्याने तो ठरलेली रुग्णसंख्या होण्याआधीच थांबवण्यात आला. ३० दिवसांच्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ९० दिवसांचे काही आकडे पंपाच्या बाजूने झुकले, म्हणून अनेक अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ निवडक रुग्णांत तो वापरतात आणि त्यांचा तो निर्णय अविचारी म्हणता येणार नाही.

मात्र मला त्याही आधीचा प्रश्न विचारावासा वाटतो : मुळात अँजिओप्लास्टी कशासाठी? ईएफ ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या ७०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये रिव्हाइव्हड नावाचा अभ्यास झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उत्तम औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाला पुरेसे रक्त ढकलता न येणे) रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नाही, आणि ईएफदेखील केवळ औषधे घेतलेल्यांपेक्षा अधिक सुधारली नाही. याउलट बायपासच्या स्टिच या अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांपैकी ५८.९ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ६६.१ टक्के रुग्ण दगावले होते. तरुण रुग्णांना हा लाभ अधिक मिळाला. मधुमेह आणि तिन्ही रक्तवाहिन्यांतील अडथळे असलेल्या माणसाच्या बाबतीत बायपासचा विचार झाला का, आणि झाला असल्यास तो कोणत्या कारणाने बाजूला ठेवला, हे आपण विचारलेच पाहिजे. कारण असू शकते, वाहिन्या जोडण्यायोग्य नसतील किंवा फुप्फुसे कमजोर असतील. पण ते आपल्याला सांगितले गेले पाहिजे.

घाई नसेल तर हृदय-शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांचे मत एकत्र घ्यावे. अहमदाबादला सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात यू. एन. मेहता हृदयरोग संस्था आहे. सर्व सीडी आणि अहवाल घेऊन तेथे दाखवून येणे एका दिवसात होते.

उत्तर : मांजलपूर

माझ्या सासऱ्यांना हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये हा पंप बसवला होता आणि ते वाचले, म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते. पंप असेपर्यंत तो पाय सरळ ठेवावा लागतो आणि परिचारिका पावलाचा रंग, उष्णता व नाडी सतत तपासतात. एका रात्री त्यांची लघवी गडद लालसर झाली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच इको करून पंपाची जागा सुधारली. रक्तपेशी फुटू लागल्या की असे होते, असे त्यांनी सांगितले. पंप बसवता येणे आणि तो रात्रंदिवस सांभाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा रुग्णालय निवडताना दुसरीची चौकशी अवश्य करावी.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बायपासबद्दल आम्हाला कोणी काहीच सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. पुढील आठवड्यात अहमदाबादची वेळ घेतली आहे. समजा तेथेही पंपासह अँजिओप्लास्टीच सुचवली, तर पंपाआधी कोणत्या तपासण्या झालेल्या असाव्यात?

उत्तर : एम. डी. (मेडिसिन), रावपुरा

डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही, याची इकोमध्ये काळजीपूर्वक खात्री झालेली असावी, कारण अशक्त हृदयात ती होण्याचा संभव अधिक असतो आणि गुठळी असताना हा पंप घालत नाहीत. महाधमनीची झडप फार गळत नसावी. तेथे कृत्रिम धातूची झडप असल्यास पंप बसवताच येत नाही. मधुमेहामुळे पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून जांघेपासून वरच्या मार्गाची डॉप्लर किंवा सीटी तपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागत असल्याने हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन यांचे ताजे अहवाल सोबत असू द्यावेत. सध्या सुरू असलेल्या औषधांची यादीही न्यावी. हार्ट फेल्युअरच्या चारही गटांतील औषधे सोसतील त्या मात्रेपर्यंत वाढवली आहेत का, हे तेथील डॉक्टर प्रथम पाहतील. दरम्यान धाप वाढली, झोपल्यावर श्वास अडकू लागला किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर अहमदाबादच्या तारखेची वाट न पाहता येथेच दाखल करावे.