रिलेच्या कॉइलला डायोड लागतो का खरंच? दुसरा कंट्रोलर गेला

गोठेवाला:
गोठ्यावर १२ व्होल्टची बॅटरी, १० अँपियरचा साधा पीडब्ल्यूएम सोलर कंट्रोलर. अंधार पडला की त्याचं लोड आउटपुट चालू होतं, पण फ्लड लाइट सगळे मिळून १५ अँपियर खातात म्हणून लोडवर फक्त गाडीचा चार पायांचा रिले (आतली कॉइल चुंबक होऊन मोठा स्विच ओढते तो) टाकला आणि लाइट फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घेतले. चार महिन्यांत दुसरा कंट्रोलर, आउटपुट बंदच होत नाही, भरदुपारी म्हशी फ्लड लाइटमध्ये. वायरमन म्हणतो कॉइलला डायोड लाव, करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो. अरे पण रिले घेतो जेमतेम दीडशे मिलिअँपियर, तो १० अँपियरच्या आउटपुटचं काय वाकडं करणार? माझ्या मते मालच हलका.

टेस्टर_खिशात:
दादा तो चालू असताना नाही मारत, सुटताना मारतो. करंट तोडला की कॉइल तो चालूच ठेवायला बघते आणि उलटा झटका देते, शंभर व्होल्टच्या वरही जातो, तो थेट मॉसफेटवर, म्हणजे कंट्रोलरमध्ये लोड चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर. मॉसफेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणून बंद होत नाही. एक ४००७ नंबरचा डायोड लाव, चांदीची पट्टी कॉइलच्या प्लसकडे, आणि रिलेच्या ८५-८६ पायांवरच (कॉइलचे ते) लाव, कंट्रोलरपाशी नको.

जळकं_सोल्डर:
झालं, सगळ्या दुखण्यांवर हळदीचं दूध. गाडीच्या रिलेत काही मिलिज्यूल एनर्जी असते, बरा मॉसफेट तेवढी हसत पचवतो. डायोडने उलट रिले सावकाश सुटतो, १५ अँपियर डीसीचा आर्क (ठिणगी) लांबतो, स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग काय करणार?

टेस्टर_खिशात:
पचवतो तो डेटाशीटमधला मॉसफेट, या डबीतल्याचा नंबर घासून टाकलेला असतो. आणि रिले सुटतो दिवसातून एकदा, सकाळी. कॉन्टॅक्टची एवढी काळजी असेल तर डायोडला उलट सिरीजमध्ये १२ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टला उलटाही वाहणारा डायोड) दे, झटका मॉसफेटवर २७ व्होल्टच्या आसपास थांबेल आणि सुटेलही पटकन. २४ चा नको, १४.४ ला चार्ज होताना मॉसफेटवर ३९ येतील आणि मॉसफेट ४० व्होल्टचाच निघाला तर मेलास.

अण्णा_६०:
आधी वायरिंग बघा हो. स्वस्त कंट्रोलरमध्ये प्लस कॉमन असतो, लोडची मायनस तोडतात. गाडीची सवय म्हणून कॉइलची मायनस बॅटरीला दिली असेल तर रिले कायम ओढलेला राहणार, कंट्रोलर बिचारा धडधाकट असून तुम्ही भंगारात दिला. रिले काढा, लोडवर एक बल्ब लावून दुपारी बघा, नुसत्या मीटरवर फसाल.

गोठेवाला:
अण्णा, मायनस लोडलाच आहे. बल्ब लावला, भर उन्हात पेटला. म्हणजे मेलाच.
नवीन आणला, ४००७ लावला, तोही पहिल्यांदा उलटा 😅 लोड चालू होताच लाल दिवा, ओव्हरलोड. नशीब कंट्रोलरनेच कट केलं. पट्टी फिरवली, आता चालतंय. सावकाश सुटतो म्हणालात ते कानाला तर काही कळत नाही.

जळकं_सोल्डर:
कानाला नाहीच कळणार. सहा महिन्यांनी रिलेचं टोपण उघड आणि कॉन्टॅक्टचा फोटो टाक इथे, मग बोलू.