मदत हवी आहे: होस्ट फॅमिलीच्या टबातलं पाणी सोडून दिलं 😭

मी पुण्याची, जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ लेव्हल झालीय, एका सेमिस्टरसाठी क्योतोला आलेय. पहिल्याच रात्री ओकासान (होस्ट आई) म्हणाल्या पाहुण्यांची अंघोळ आधी, मग मी बाहेर शॉवर घेऊन टबात बसले आणि निघताना आपलं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं! नंतर कळलं की त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागोमाग बसतात आणि उरलेलं सकाळी वॉशिंग मशीनला. ओजीसान (घरातले आजोबा) खांद्यावर टॉवेल टाकून रिकाम्या टबाकडे बघत उभे होते, ते काही डोळ्यांपुढून हलत नाहीये. सगळे 'दाइजोबू' (काही हरकत नाही) म्हणतात, पण ते खरंच दाइजोबू असतं का? जपानात राहिलेल्यांनी प्लीज सांगा. बाकरवडीचं पाकीट आणलंय, ते देऊन परत माफी मागू की विषय सोडू? (तिखट झेपेल ना त्यांना?)