बूट दाराशीच राहिले

पहाटे पाचचा गजर होतो. मी उठते, तोंड धुते, पळायचे कपडे चढवते, मोजे घालते आणि सोफ्यावर बसते. सहा वाजतात. मोजे काढून ठेवते. गेले सात महिने हेच चाललंय.

त्याआधी सहा वर्षं पळत होते. आठवड्यातून चार दिवस, वर्षाला दोन हाफ आणि मागच्या हिवाळ्यात पहिली फुल मॅरेथॉन. ४२.१९५ किलोमीटर, त्यातलं ते शेवटचं १९५ मीटरसुद्धा कळतं अंगाला. साडेचार तासांत संपवायची ठरवली होती, चार तास बावन्न मिनिटं लागली. मेडल गळ्यात पडलं तेव्हा पहिला विचार आला, ‘सुटले एकदाची’. दोन आठवडे विश्रांती घ्यायची ठरली होती. ती अजून संपलेली नाही.

दुखापत नाही. कामाचा ताण नेहमीइतकाच. बाकी सगळं ठीक आहे. हल्ली लिफ्टनं जाते, पण हातात सामान असतं म्हणून. कुणी ‘सध्या कुठली रेस?’ विचारलं की घोटा दुखतोय असं सांगते. घोटा ठणठणीत आहे.

ज्यांचं असं झालंय त्यांनी लिहा. पुन्हा सुरू कसं झालं, की झालंच नाही? एकच विनंती, ‘ध्येय ठेवा, शिस्त पाळा’ हे नको. फुल मी शिस्तीवरच पळाले होते. प्रत्यक्षात काय घडलं ते सांगा, कितीही क्षुल्लक असो.

* * *

माझं पळणं घड्याळानं वाढवलं आणि घड्याळानंच संपवलं.

किलोमीटरला सहा मिनिटं पंधरा सेकंदांचा पेस पाच चाळीसवर आला तेव्हा मी हवेत होतो. मग हळूहळू तऱ्हा अशी झाली की घराशी पोचताना ९.८ दिसलं तर इमारतीच्या आवारात गोल गोल फिरून दहा पूर्ण करायचे. शेजारचे गॅलरीतून बघायचे. एकदा घड्याळ चार्ज करायला विसरलो, तर त्या दिवशी पळायलाच गेलो नाही. नोंदच होणार नाही तर पळून उपयोग काय? तेव्हा हे मला अगदी बिनतोड वाटलं होतं.

पुढे रोज पळण्याची साखळी सुरू केली. २०८ व्या दिवशी ताप होता. रात्री अकराला उठून दोन किलोमीटर पळून आलो. (कुणी करू नका. तापात पळणं हा शुद्ध गाढवपणा आहे, हृदयावर बेतू शकतं.) दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही, साखळी तुटली. वाईट वाटायला हवं होतं, तर सुटल्यासारखं वाटलं. पुढचे दहा महिने शून्य.

पुन्हा सुरुवात झाली ती मुलीच्या सायकलीमुळे. तिला शिकवताना सीट धरून मागे पळायचो. वाकून, वेडावाकडा, चपला घालून. ‘सोडू नका हं बाबा!’ असं ती ओरडत असायची आणि मी कधीच सोडलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी धापा टाकत हसतोय. पळताना शेवटचा कधी हसलो होतो ते आठवेना. ती शिकली, मला मागे टाकून जायला लागली, आणि मी तिच्या मागे पळत राहिलो. आता एकटाही जातो, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. ते अंतर किती आहे हे मुद्दाम मोजलेलं नाही. घड्याळ ड्रॉवरमध्ये आहे. विकलेलं मात्र नाही, इतका काही सुधारलो नाही.

* * *

वरच्या साखळीवाल्यांचं वाचून वर्गात नेहमी सांगते तो प्रयोग आठवला. मी शिक्षिका आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर तो केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का नि फीत असलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती.

हे मी पालकसभेत घसा कोरडा करून सांगते. आणि घरी माझ्या कपाटात २३ मेडलं आहेत. पळणं बंद होऊन दीड वर्ष झालं तरी स्वतःच्या बाबतीत हे लक्षात आलं नव्हतं.

* * *

माझी गोष्ट वेगळी आहे. माझा उत्साह गेला नव्हता, उलट नको तितका होता. आठवड्याला तीस किलोमीटर पळायचे ते एका महिन्यात पंचावन्नवर नेलं. नडगी दुखत होती, तिला बर्फ लावून पळाले. शेवटी हाडाला बारीक तडा निघाला. आठ आठवडे पळणं बंद.

बंदीचा काळ बरा गेला. परतल्यावर खरी पंचाईत. दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो; रक्तातला द्रवभाग कमी होतो, हृदयाला तेवढ्याच कामाला जास्त ठोके द्यावे लागतात. हे सगळं वाचलेलं होतं. पण पूर्वी बोलत बोलत पळायचे त्या रस्त्यावर दोनशे मीटरमध्ये कंबरेवर हात ठेवून उभं राहावं लागलं, तेव्हा वाचलेलं काही कामाला आलं नाही. फिजिओनं कागदावर लिहून दिलं होतं: एक मिनीट पळा, दोन मिनिटं चाला, आठ वेळा. मी! जिनं एकवीस किलोमीटर न थांबता पळलेत!

लाज वाटायची म्हणून रात्री जायचे. ओळखीचं कुणी दिसलं की फोनवर बोलतेय असं दाखवून चालायला लागायचे.

मग नवशिक्यांसाठीची ‘काउच टू फाइव्ह के’ ही नऊ आठवड्यांची योजना घेतली. जॉश क्लार्क यांनी ती १९९६ मध्ये केली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली त्यांची आई डोळ्यांसमोर होती म्हणे. मला ते फार आवडलं. मी स्वतःला माझी आई समजून पळायला लागले. आईला आपण ‘काय हा पेस!’ म्हणत नाही. ‘दमलीस का? चाल थोडं’ असं म्हणतो. ज्यांनी ही योजना पाळली असेल त्यांना पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस ठाऊक असेल, एकदम सलग वीस मिनिटं. मी त्यात दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा रस्त्यात कुणीच नव्हतं, मग कुंपणावरच्या मांजराला सांगितलं.

आता सकाळी जाते, उजेडात. हळू. पूर्ण वाक्य बोलता आलं नाही तर वेग कमी करते. हाफ पळायची इच्छा परत येईल का माहीत नाही, सध्या तिची आठवणही येत नाही.

* * *

थोडक्यात लिहिते, कारण हे कुणाच्या तरी कामाचं असू शकेल. मला वाटत होतं मला पळण्याचा वीट आलाय. तीन महिने स्वतःला आळशी म्हणत होते. पाय शिशाचे झाल्यासारखे, केस गळत होते, चिडचिड. हिमोग्लोबिन १२.२, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी फेरिटिनही करायला सांगितलं. ते निघालं ९. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता. पाळीत लोह जातं हे माहीत होतं. घामातून थोडं जातं, पाऊल आपटून आपटून तळव्यातल्या लाल पेशीही फुटतात, हे तेव्हा कळलं.

गोळ्या सुरू केल्या (डॉक्टरांच्या सांगण्यावरून, लोह मनानं घ्यायची गोष्ट नव्हे), त्या चहा-कॉफीपासून लांब ठेवल्या. सातव्या-आठव्या आठवड्यात एका सकाळी गजराच्या आधी जाग आली. काही ठरवलं नव्हतं, प्रेरणा वगैरे शोधली नव्हती. बूट घातले आणि गेले.

प्रत्येक कंटाळा रक्तात नसतो, मान्य. पण मनाला शिव्या घालण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचीही.

* * *

मी परत पळालोच नाही. आणि छान चाललंय.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकलो, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, तरंगायची पाटी धरून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी. त्यात पळण्याची सक्ती कुठेही लिहिलेली नाही. पळणाऱ्यांच्या घोळक्यात राहून आपल्याला वाटायला लागतं की पळणं सोडलं म्हणजे व्यायाम सोडला. आधी वर्षभर त्या अपराधी भावनेत काहीच केलं नाही, त्याचं मात्र वाईट वाटतं.

* * *

मी लाच दिली. स्वतःला.

रहस्यकथा ऐकायला मला वेड्यासारख्या आवडतात. नियम केला की ऑडिओबुक फक्त ट्रेडमिलवर किंवा रस्त्यावर चालता-पळताना. घरी ऐकायचं नाही, गाडीत नाही. पहिल्या आठवड्यात खून झाला, दुसऱ्या आठवड्यात संशयित पाच, आणि मी रविवारी संध्याकाळी दुसऱ्यांदा पळायला बाहेर! बायकोला वाटलं भांडून निघालोय.

नंतर कळलं की यावर संशोधनही झालंय. केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हेच छापलं होतं: खिळवून ठेवणारी ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केलेले लोक सुरुवातीला जास्त वेळा जिमला आले. पण मध्ये सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. माझंही तंतोतंत तसंच. तीन आठवडे प्रवासाला गेलो, तिकडे हॉटेलच्या पलंगावर लोळत पुस्तक संपवलं, परतल्यावर ठणठण गोपाळ. आता दर सुट्टीनंतर नव्यानं लाच द्यावी लागते, हे धरूनच चालतो. एक युक्ती सांगतो, प्रकरण संपायच्या दोन मिनिटं आधी थांबायचं. संपल्यावर थांबलात तर दुसऱ्या दिवशी उठणार नाही.

* * *

वय ६७. कृपया मला फौजा सिंगांचं उदाहरण देऊ नका. त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे, ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळणं हे अलौकिकच. पण मी जरा दमलो म्हटलं की तीन जण त्यांचा फोटो पाठवतात, आणि मग बाहेर पडायची उरलीसुरली इच्छाही जाते.

माझी अडचण अशी की तीस वर्षांच्या वह्या आहेत. तारीख, अंतर, वेळ. त्यामुळे माझा प्रतिस्पर्धी म्हणजे सदतीस वर्षांचा मी, आणि तो मला दर रविवारी हरवायचा. वह्या जाळून टाकाव्यात असं वाटलं, सौ.नी त्या माळ्यावर टाकल्या. पुतण्यानं वयाचा हिशेब धरून वेळ तोलायचं कोष्टक दाखवलं. त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेच्या किती टक्के आपण पळतो ते त्यात निघतं. त्यानुसार मी आज सदतिशीतल्या माझ्यापेक्षा किंचित सरस आहे! दोन दिवस तरंगत होतो. मग लक्षात आलं की पुन्हा वहीच उघडली.

सध्या एक दिवसाआड टेकडी चढतो. उतारावर पळत नाही, गुडघे आहेत तेवढेच आहेत.

* * *

आमचा चौघींचा गट होता. एक परगावी गेली, एकीला बाळ झालं, तिसरीच्या पाठीचं दुखणं. मी एकटी दोनदा गेले आणि सोडून दिलं. पळण्याची आवड आहे असं मी सगळ्यांना सांगत आले होते. आवड त्या सव्वा तासाच्या गप्पांची होती.

मग एका साप्ताहिक पाच किलोमीटर धावेत स्टॉपवॉच धरायला उभी राहायला लागले. अशा मोफत धावांची पार्करन नावाची चळवळ २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनिशी सुरू झाली होती. आमची तशीच, छोटी. स्वयंसेवकांत शेवटून चालणारी एक व्यक्ती असते, म्हणजे कुणीच शेवटचं ठरत नाही. चार आठवडे वेळ नोंदवली, पाचव्या आठवड्यात ते शेवटून चालायचं काम घेतलं, कारण तिथे गप्पा मारता येतात. आता ते काम दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नसते.

* * *

सगळं दोनदा वाचलं.

एक दुरुस्ती करते. वर लिहिलंय की हातात सामान असतं म्हणून लिफ्टनं जाते. सामान नसतं. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. केसांचं म्हणाल तर न्हाणीघराची जाळी आठवड्यातून दोनदा साफ करते.

फेरिटिन आणि थायरॉइडसाठी शनिवारची वेळ घेतली आहे. पहाटे पाचचा गजर काढून टाकलाय. ज्या ताईंना ९ निघालं होतं त्यांना विचारायचं होतं, तपासणीच्या आधी काही खायचं नसतं का? प्रयोगशाळेत फोन लागत नाहीये.