छोट्या कॅथलिक कॉलेजातले दिवस (अनुभव धागा)

शेवग्याची_शेंग

परवा वसई रोडला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक सिस्टर उभ्या होत्या. पांढरी साडी, काखेत सुतळीने बांधलेला पेपरांचा गठ्ठा. माझा हात आपोआप ओढणीकडे गेला, सरळ करायला. दोन पोरांची आई आहे मी! रिक्षात बसल्यावर हसू आलं आणि घरी येईपर्यंत डोक्यात कॉलेजच.

आमचं कॉलेज एवढंसं. चर्चच्या आवारात एक इमारत, दोन जिने आणि बारानंतर फक्त पाव उरणारं कँटीन. शेजारच्या वर्गातलं अकाउंट्स आम्हाला फुकटात ऐकू यायचं. प्रिन्सिपॉल फादरना प्रत्येकाचं घर ठाऊक, कारण निम्म्या घरांतले बाप्तिस्मे आणि लग्नं त्यांनीच लावलेली. लेक्चर बुडवलं तर चिठ्ठी नाही, फोन नाही. रविवारी मिस्सा सुटली की पायरीवरच बाबांना विचारणा. बाबा पहाटेच्या लोकलने फुलं घेऊन दादरला जाणारे, आठवड्यातला तेवढाच एक दिवस इस्त्रीचा शर्ट. त्यात हे. घरी परतताना अख्खा रस्ता एक शब्द बोलायचे नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

मी वसईतल्या भुईगावची. शाळा मराठी, घरी आमची सामवेदी बोली. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी येणारच, असं शहरातल्यांना वाटतं. एफवायला 'प्रेझेंट सर'च्या पुढे तोंड उघडत नव्हतं. पण सगळ्या वर्गाचीच ती गत, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. हसणं सुरू झालं ते एम.ए.ला मुंबईत गेल्यावर. ते नंतर लिहिते, कुकर लावलाय.

तुमचंही येऊ द्या. प्रिन्सिपॉलला तुमचं घर माहीत असेल इतकं लहान कॉलेज हवं, एवढीच अट.

गावठी_गुलाब

ओढणी!!! आमच्याकडे बाहीची लांबी बघायच्या. गेटवर सिस्टर, हातात जपमाळ, आणि नजर थेट कोपरावर. जप चालूच.

मिरचीकांदा

कुकर किती शिट्ट्यांचा आहे? वाट बघतोय.

तर्रीबाज

आपण नागपूरवाले. सेमिनरी हिल्सच्या बाजूला हॉस्टेल होतं फादर लोकांचं. मी यवतमाळकडचा, बापाने ट्रंक उतरवून दिली अन् मागे न बघता निघून गेला. मागून कळलं की स्टँडवर बसून रडला होता, कंडक्टर आमच्या गावचा होता म्हणून कळलं.

जेवणाच्या आधी प्रार्थना. मले वाटे, डोळे मिटले की वाढप्या चिकनचे पीस कमी करते, म्हणून मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करत होतो. मग उपवासाचे चाळीस दिवस लागले अन् शुक्रवारचं मटण बंद! आम्हाला वाटलं मेसचे पैसे थकले. एक सीनियर म्हणे, बाप्पा, हे यांच्या धरमाचं आहे, गुपचूप आलू खा.

पण खरा किस्सा वेगळा. सकाळी साडेसहाला स्टडी अवर, सक्तीचा. आम्ही तिघं मागच्या भिंतीवरून उड्या मारून तर्री पोहे खायला. ठेल्यावर गेलो तर रेक्टर फादर प्लेट धरून उभे, वरून अजून तर्री मागत होते. पळायला जागा नाही. त्यांनी आमच्या तिघांच्या प्लेटा सांगितल्या, पैसे दिले, सायकलवर टांग मारली अन् गेले. एक शब्द नाही. संध्याकाळी बोर्डावर आमची तिघांची नावं, 'बगीचा, एक महिना'. मे महिन्यात बे! नागपूरच्या!

गावठी_गुलाब

तर्रीबाज, हाहाहा, ऑफिसात हसले, बॉस बघतोय.

सदाफुली

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं लिहिलं तर चालेल का? आमचंही मिशनचंच होतं, चॅपलसुद्धा होतं.

पानगळ

सदाफुली, हिस्लॉप प्रोटेस्टंट. 1883 चं, स्कॉटिश मिशनचं. मुंबईचं विल्सनही तसंच, अहमदनगर कॉलेजही कॅथलिक नाही. धागाकर्तीने कॅथलिक म्हटलंय.

सदाफुली

फादर नव्हते म्हणून धाग्याबाहेर? बरं. वेगळा धागा काढते, तिथे या सगळे.

शेवग्याची_शेंग

अगं लिही गं इथेच, आपल्याला कोण विचारतंय. पानगळकाका, तुमचं कुठलं?

पानगळ

माझं झेवियर्स, मुंबई. लहान नाही ते, मान्य. 1869 पासूनचं, मोठं आवार, दगडी कमानी. पण टीवाय बॉटनीला आम्ही मूठभर होतो, त्यामुळे अट अर्धीमुर्धी पाळतोय असं समजा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फादर सांतापाव तेव्हा हयात नव्हते. स्पेनहून आलेला माणूस, पुढे बोटॅनिकल सर्व्हेचा संचालक झाला, 1967 ला पद्मश्री. आम्हाला ते भेटले ते ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे कॉलेजच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात. कपाटं उघडली की डांबरगोळ्यांचा वास, आणि एकेका जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली वाळकी फांदी. कोपऱ्यात लेबल : कुठे मिळाली, कधी, कोणी तोडली. खंडाळ्याच्या पावसात तोडलेलं फूल इतक्या वर्षांनी तपकिरी होऊन समोर. आमचे सर सांगायचे, लेबल नसेल तर तो पाला, लेबल असेल तर तो नमुना. मी रत्नागिरीहून आलेला, पाला म्हणजे गुरांना घालायचा एवढंच माहीत असलेला. त्या कपाटांपुढे उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण ज्या झुडपांतून अनवाणी फिरलो त्यांनाही कुणीतरी नाव-पत्ता दिलाय.

स्पॅनिश फादर का आले हेही ऐकण्यासारखं आहे. आधी तिथे जर्मन जेझुइट (कॅथलिक फादरांचा एक संघ) असायचे. पहिलं महायुद्ध लागलं, इंग्रजांनी जर्मनांना अडकवलं, परत धाडलं, मग स्पेनकडून माणसं आली. इतिहासाचे फादर हेरास त्याच लाटेतले, 1922 चे. थोडक्यात, जर्मनीच्या बादशहामुळे, कैसरमुळे मला बॉटनी मिळाली. विषयांतराबद्दल माफी, पण वयाचा फायदा घेतो.

मिरचीकांदा

काका, विषयांतरच वाचायला येतो आम्ही.

कुळागर

मी सांग्याची. गोव्यातलं सांगें, शहर म्हणू नका. मराठी प्राथमिक शाळा, मग हायस्कूल, मग नुव्याचं कार्मेल कॉलेज. फक्त मुलींचं, अपॉस्टॉलिक कार्मेलच्या सिस्टरांचं, 1964 पासूनचं. गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती मुलींमध्ये मी एकटीच केसांत अबोलीचा वळेसर (गजरा) माळून. पहिल्या आठवड्यात 'टेंपलातली' म्हणायच्या, दुसऱ्या आठवड्यापासून वळेसर मागायला लागल्या. आवय (आई) पिशवीत जास्तीचे देऊ लागली.

नोट्सची गंमत. कोंकणी आम्ही सगळ्याच बोलायचो, पण त्या रोमीत (रोमन लिपीत) लिहायच्या, मी देवनागरीत. माझी वही नेली की तशीच परत. मग मी वाचायची, त्या उतरवायच्या, माझाही अभ्यास व्हायचा.

आमचा काळ भाषेच्या भांडणाचा. 85 ते 87. मराठी की कोंकणी यावरून रस्ते बंद, बसेस बंद, माणसं गेली. घरी वडील मराठीवाले, कॉलेजात मैत्रिणी कोंकणीवाल्या. फेब्रुवारी 87 ला कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला त्या दिवशी वडील जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझ्या बाकावर दोघीतिघी गप्प येऊन बसल्या. कुणी विषय काढला नाही. बटाटवडे मागवले. माझा वडा त्यांनीच दिला, पैसेही.

शिवाय विद्यापीठ बदललेलं. 1985 ला गोवा विद्यापीठ आलं, त्याआधीच्यांचं सगळं मुंबईचं. ऑफिसातला क्लार्क मार्कलिस्ट देताना दरवेळी विचारायचा, 'बाय, तूं मुंबयची काय गोंयची?' आम्ही म्हणायचो, पास केलंस तर कुणाचीही.

गावठी_गुलाब

कुळागर, अबोली!!! इकडे ठाण्यात मिळतच नाही. कुंडीत लावली, जगली नाही.

कुळागर

बी नाही, फांदी लाव. शेण घाल. पाणी साचू देऊ नकोस.

निनावी_हॉस्टेल

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा वेगळं. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

आमच्या हॉस्टेलला येणारं प्रत्येक पत्र वॉर्डन सिस्टर उघडून वाचायच्या, मग द्यायच्या. कुणाचं 'मावसभावाचं' पत्र आलं की बोलावणं. आजी गेल्याचं मला पत्रातून कळलंच नाही. सिस्टरनी आधी वाचलं आणि त्या जिना चढून वर आल्या, पाकीट फोडलेलं हातात. मी कपडे वाळत घालत होते. त्यांच्या तोंडूनच ऐकलं.

त्याच सिस्टर रात्रीच्या एसटीसाठी माझ्याबरोबर स्टँडवर आल्या, गाडी मिळेपर्यंत बाकावर बसल्या, खिडकीतून बिस्किटांचा पुडा दिला. पण ते पाकीट मी आजही विसरलेले नाही. त्यांच्याबद्दल काय वाटतं, विचाराल तर उत्तर रोज वेगळं.

शेवग्याची_शेंग

निनावी, वाचून थांबले गं. आपल्या नावाचं पत्र दुसऱ्याने आधी वाचायचं, आणि तेही असं. बिस्किटांनी ते भरून येत नाही.

सदाफुली

आमच्याकडे प्रोटेस्टंट असूनही हेच. (टोमणा होता तो, पानगळकाका.)

पानगळ

पोहोचला.

जातं

मी इचलकरंजीची, सध्या पेन्सिल्व्हेनियात. लेकीला लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंटला घातलं, पिट्सबर्गपासून तासाभरावर. बेनेडिक्टाइन मठाचं कॉलेज, 1846 चं. नवऱ्याचं म्हणणं मोठं विद्यापीठ हवं, लेक म्हणाली जिथे मास्तर नावाने ओळखेल तिथे जाते. सोडायला गेलो तर काळा पायघोळ झगा घातलेले फादर तिची गादी उचलून जिन्यावरून नेत होते. मी आपली मागून 'राहू द्या, राहू द्या' मराठीत.

मठाची स्वतःची पिठाची गिरणी आहे, 1854 ची! गव्हाचं पीठ विकतात. मी दर भेटीला पोतं आणते. पोळ्या थोड्या जाड होतात, पण तो ताज्या दळणाचा वास इकडच्या पाकिटातल्या आट्याला नाही. उन्हाळ्यात त्याच आवारात पिट्सबर्गचा संघ, स्टीलर्सवाले, अमेरिकन फुटबॉलचा सराव करतात, तेव्हा पार्किंगला जागा मिळत नाही, पिठासाठी लांब चालावं लागतं.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर लेकीच्या रूममेटच्या कपाळावर राख. मी विचारलं, अगं हिला कुठल्या महाराजांचा अंगारा मिळाला? राखेचा बुधवार होता, उपवासाचे ते चाळीस दिवस सुरू होतात तो. त्यानंतर शुक्रवारी गावभर मासे तळतात, चर्चच्या हॉलमध्ये, रांगा लावून. आमचा शाकाहारी नवरा बिचारा चीज पिझ्झा खातो. मी दोन प्लेट.

तर्रीबाज

उपवासाला मासे? आमच्या मेसवाल्याने आलूवरच भागवलं!! केस करतो.

मिरचीकांदा

जातं ताई, पीठ भाकरीला चालेल का?

जातं

नाही रे, गहू तो. ज्वारीचं पीठ सासूबाईच आणतात, बॅगेत कपड्यांच्या मधे.

खडू_आणि_चहा

मी अशाच एका छोट्या कॉलेजात मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. आमच्यावेळी वर्गात बसायला जागा नसे, आता टीवाय मराठीचा वर्ग स्टाफरूमच्या टेबलाभोवती मावतो. पोरं बीएमएस, बीकॉमकडे. विनाअनुदानित कोर्सच्या फीवर दिवे-पंखे चालतात. शिकवणारे फादर आणि सिस्टर एका हाताच्या बोटांवर. नवं शैक्षणिक धोरण आलं, क्रेडिट आली, मेजर-मायनर आलं, चौथं वर्ष आलं. फॉर्म भरताना मुलगी विचारते, सर, चौथ्या वर्षाला थांबू का लग्नाचं बघू? याचं उत्तर कुठल्या परिपत्रकात नाही.

पण टेबलाभोवती बसून शिकवण्यात मजा आहे हेही सांगतो. कोण उपाशी आलंय ते दिसतं. चहा मागवला की दोन जादा सांगतो.

शेवग्याची_शेंग

आले. कुकर उतरला, पोरं जेवली.

तर एम.ए. मुंबईत. पहिल्या दिवशी बाईंनी आडनाव वाचलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलू लागल्या. मी मराठीत उत्तर दिलं. बाई खूश : 'अरे वा, तुमचं मराठी फारच छान!' अहो, मी एम.ए. मराठीला आले होते!! पूर्ण वर्ग हसला, बाईंना कळेना का.

मग ठरलेले प्रश्न. तुम्ही मूळच्या गोव्याच्या ना? घरी केक बनवता? डबा उघडला की माना लांब करून बघायच्या. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी बघून एकीचा हिरमोडच झाला. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली, आमची वाडी त्याच्याही आधीपासून तिथेच आहे हे किती जणांना सांगू? आमच्या छोट्या कॉलेजात हे कधी सांगावंच लागलं नव्हतं. तिथे फादर ज्ञानेश्वरी शिकवायचे आणि शेवटच्या बाकावरचा पाटील पेंगायचा, कुणाला काही विशेष वाटत नसे.

2020 ला फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्याच डबा बघणारीचा फोन. 'अगं, हे तुमच्या वसईचे ना?' म्हटलं, हो, नंदाखालचे. 'मराठी काय सुंदर बोलतात!' मी फोन स्पीकरवर टाकला आणि भांडी घासायला घेतली.

खडू_आणि_चहा

हाहा, ताई! वसईच्या मुली वर्गात असल्या की शुद्धलेखन तपासायला मला मदत होते.

गावठी_गुलाब

शेवगा, सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) मिळतात का अजून तिकडे? लहानपणी आगाशीची आणायचो.

शेवग्याची_शेंग

मिळतात, ऊन कडक पडलं की. भाव विचारू नकोस, आता सोन्याच्या पंगतीत बसलीत. पुढच्या महिन्यात माहेरी जाणार आहे, पाठवते. व्यनि (खाजगी निरोप) कर पत्ता.

मिरचीकांदा

मलापण.

नवा_भिडू

सगळ्यांना नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. मला माझ्या जुन्या कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट हवीय, फादर लोकांचंच आहे. फक्त रविवारी सुट्टी असते मला. रविवारी ऑफिस उघडं असतं का?

तर्रीबाज

भाऊ, रविवारी तिथे फक्त पापांची नोंद होते. मार्कांसाठी सोमवारी जा.