प्लेन टेक्स्ट मेलमध्ये टेबल कसं पाठवायचं?

मेल प्लेन टेक्स्टमध्येच पाठवायचं बंधन आहे, बोल्ड नाही, रंग नाही, ते एकवेळ चालेल हो, पण टेबल पेस्ट केलं की आकडे कुठल्या कुठे पळतात. काय करू?

> टॅब असतील त्यात. ते काढून स्पेस द्या, मोनोस्पेस फॉन्टमध्ये (ज्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते) जुळवा. ओळ ७२ अक्षरांच्या आत ठेवा, ईमेलचं स्टँडर्ड ७८ म्हणतं पण रिप्लायमध्ये पुढे > लागत जातात ना, त्याला जागा नको का.

> इंग्रजीला ठीक आहे हे. देवनागरीत 'र' आणि 'क्ष्म' ची रुंदी सारखी कुठे असते? मी टेबलाचा नादच सोडला, सरळ 'नाव: अमुक, रक्कम: तमुक' अशा ओळी लिहिते. बोल्डऐवजी *असं*.

टॅबच निघाले! पण नावं मराठीत आहेत, म्हणजे ओळीच लिहितो आता.