नेमॅटिक द्रवस्फटिकात चुंबकीय नॅनोकण मिसळूनही उंबरठा का बदलत नाही?

प्रश्न

५सीबी या नेमॅटिक (रेणू साधारण एकाच दिशेने लागलेल्या) द्रवस्फटिकात मी मॅग्नेटाइटचे सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे, ओलिक आम्लाचा थर दिलेले गोल कण मिसळले आहेत. ५० मायक्रोमीटर जाडीच्या सेलमध्ये शुद्ध नमुन्याचा फ्रेडरिक्स उंबरठा, म्हणजे रेणू वळू लागतात ते किमान चुंबकीय क्षेत्र, ०.१६ टेस्लाच्या आसपास मिळतो आणि कण मिसळलेल्या नमुन्याचाही जवळपास तेवढाच मिळतो. चुंबकीय कणांमुळे द्रवस्फटिक क्षीण क्षेत्रालाही प्रतिसाद देऊ लागतो, असे वाचून मी हे काम हाती घेतले होते. कणांचे प्रमाण वाढवले तरी उंबरठा हलला नाही, उलट सूक्ष्मदर्शकात काळे ठिपके दिसू लागले. माझे काय चुकत असावे?

पहिले उत्तर

आपली मोजणी बरोबर दिसते. अडचण कणांच्या निवडीत आहे. शुद्ध नेमॅटिकचे रेणू प्रतिचुंबकीय असतात आणि रेणूच्या लांबीच्या व आडव्या दिशेतील चुंबकीय प्रवणतेत (क्षेत्राने चुंबकित होण्याच्या प्रमाणात) जो अत्यल्प फरक असतो, तेवढ्याच बळावर क्षेत्र त्यांना वळवते. ब्रोशार आणि द जेन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये सुचवले ते असे, की क्षेत्राने कणाला वळवावे आणि कणाने आपल्या पृष्ठभागाशी जखडलेल्या रेणूंमार्फत भोवतालच्या द्रवस्फटिकाला सोबत वळवावे. त्यांच्या विचारात लांबट कण होते, ही गोष्ट बरेचदा नजरेतून सुटते.

१० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट कणात चुंबकीय आघूर्ण (कणाच्या चुंबकत्वाची ताकद व दिशा) कणाला जखडलेले नसते. क्षेत्र बदलले की आघूर्ण कणाच्या आतल्या आत वळते आणि कणाचे शरीर जागच्या जागी राहते. शिवाय गोल कणाला स्वतःची अशी दिशाच नसते, मग डायरेक्टरने (रेणूंच्या सरासरी दिशेने) त्याला ओळखावे तरी कशावरून? अँकरिंगची (रेणूंना पृष्ठभागाशी जखडून ठेवण्याची) ऊर्जा प्रति चौरस मीटर एक लक्षांश ज्यूल धरली, तर आपल्या कणाच्या संपूर्ण पृष्ठभागावर मिळून ती खोलीच्या तापमानाच्या उष्णऊर्जेहूनही कमी भरते. उलट, स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ५सीबीमध्येच लोहचुंबकीय (क्षेत्राविनाही स्वतःचे चुंबकत्व टिकवणारा) नेमॅटिक तयार केला, तेव्हा त्यांनी बेरियम हेक्साफेराइटच्या सुमारे ७० नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम ५ नॅनोमीटर जाड चकत्या वापरल्या होत्या. वरच्याच हिशेबाने अशा चकतीची अँकरिंग ऊर्जा उष्णऊर्जेच्या पंधरापटींहून अधिक येते. चकतीचे आघूर्ण तिच्या पृष्ठाला लंब दिशेत पक्के असते आणि योग्य पृष्ठसक्रियक (कणावर थर देणारा पदार्थ) लावल्यास रेणूही त्याच दिशेत उभे राहतात. त्यामुळे काही मिलिटेस्लाचे क्षेत्रसुद्धा पुरते.

दुसरे उत्तर

ठिपक्यांविषयी थोडे लिहितो. प्रमाण वाढवणे हा येथे उपाय नव्हे. आपण मिश्रण गरम अवस्थेतून सावकाश थंड करत असाल, तर ३५ अंशांच्या खाली येताना नेमॅटिकचे थेंब वाढत जातात आणि कणांना उरलेल्या समदिक् (रेणूंना ठरावीक दिशा नसलेल्या) द्रवाकडे ढकलत नेतात. शेवटच्या कोपऱ्यात सगळे कण एकत्र आले की त्यांचे पुंजके होतात आणि पुंजक्याभोवती डायरेक्टर विकृत होतो. म्हणूनच असे नमुने झटकन थंड करतात, आणि चकत्यांच्या बाबतीत त्याच वेळी क्षेत्रही लावून ठेवतात.

तिसरे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एक पुरवणी आवश्यक वाटते. कण मिसळले की उंबरठा खालीच येतो, असे गृहीत धरू नये. आघूर्ण डायरेक्टरला समांतर राहणार असेल तर तो खाली येतो. लंब राहणार असेल तर कण डायरेक्टरला क्षेत्राकडे वळण्यापासून रोखतात आणि उंबरठा वर चढतो. हे ठरते ते कणावरील थराने, त्यामुळे पृष्ठसक्रियकाची निवड मला कणाच्या निवडीइतकीच महत्त्वाची वाटते. नव्या नमुन्यात क्षेत्राची दिशा उलटून अवश्य पाहा. शुद्ध नेमॅटिकचा प्रतिसाद क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्याला उलटसुलट क्षेत्र सारखेच असते. खऱ्या लोहचुंबकीय नमुन्यात मात्र दोन दिशांचा फरक स्पष्ट दिसतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. काल सूक्ष्मदर्शकाचा विश्लेषक (दुसरा ध्रुवक) बाजूला काढून नमुना ३८ अंशांपर्यंत तापवला, तेव्हा बहुतेक ठिपके विरून द्रव फिकट तपकिरी आणि एकसारखा झाला. मिनिटाला अर्धा अंश या गतीने थंड करताना मात्र नेमॅटिकच्या थेंबांच्या कडेने तपकिरी रेघ गोळा होत गेली आणि जेथे तीन थेंब भेटले नेमका तेथेच काळा ठिपका उरला. आता गोल कण बाजूला ठेवून चकत्या मिळवण्याच्या प्रयत्नास लागतो.